जुनी स्पोर्ट मोटारसायकल : ऐब सांगून विका, ऐब पाहून घ्या

शिक्षण आटोपून नुकताच कमाईला लागलेला आपला तरुण पहिली मोठी खरेदी करतो ती बहुधा मोटारसायकलची. त्यातही त्याचे मन साध्या १०० सी.सी. गाडीवर नसते, त्याला पुढून किट असलेली, वाकून चालवायची स्पोर्ट मोटारसायकल हवी असते. नव्या गाडीची किंमत लाख-दीड लाखांच्या पुढे जाते. एवढी रक्कम एकदम हाती नसते आणि हप्त्यावर घ्यावी तर व्याज आडवे येते. म्हणून व्याजापासून दूर राहू इच्छिणारी अनेक कुटुंबे रोख पैसे मोजून जुनी गाडी घेण्याचा मार्ग पत्करतात. हा विचार योग्यच आहे. परंतु व्याजातून वाचवलेला हलाल पैसा फसवणुकीच्या सौद्यात बुडाला तर त्या सावधगिरीचा उपयोग काय? आणि प्रश्न केवळ पैशाचा नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे धावणाऱ्या गाडीची चेसिस वाकलेली असेल किंवा ब्रेक अर्धेच लागत असतील, तर त्याची किंमत घरातल्या तरुण मुलाच्या जिवाने चुकवावी लागते.

या व्यवहारात दोन जबाबदाऱ्या आहेत असे आमचे मत आहे. घेणाऱ्याने गाडी नीट पाहून घेणे ही एक आणि विकणाऱ्याने ऐब सांगून विकणे ही दुसरी. पहिलीबद्दल बरेच बोलले जाते. दुसरीबद्दल फारसे कोणी बोलत नाही, आणि आपल्या समाजातील जे लोक या धंद्यात आहेत त्यांना तर ती कोणी विचारतही नाही. आज आम्हाला दोन्हींबद्दल लिहायचे आहे.

साधी गाडी आणि स्पोर्ट गाडी यांतील फरक

दूधवाला किंवा शिक्षक यांनी दहा वर्षे वापरलेली १०० सी.सी. गाडी जुनी असते, पण तिचे दुखणे बहुधा उघड असते. इंजिन उघडे, चेसिस उघडी, ऑइल गळत असेल तर डाग समोर दिसतो. स्पोर्ट गाडीचे तसे नाही. २००३ साली आलेली हिरो होंडाची करिझ्मा, २००८ ची यामाहा आर-१५, २०१४ साली आलेल्या के.टी.एम.च्या आर.सी. २०० आणि आर.सी. ३९०, २०१५ ची पल्सर आर.एस. २०० किंवा २०१७ च्या अखेरीस आलेली टी.व्ही.एस. अपाची आर.आर. ३१०, या सर्व गाड्यांना किट असते. वारा कापण्यासाठी लावलेले हे प्लास्टिकचे आवरण जुन्या बाजारात ऐब झाकण्याचेही काम करते. नवे किट आणि नवे स्टिकर लावले की पडलेली गाडी शोरूममधून काढल्यासारखी दिसते.

दुसरा फरक वापराचा आहे. साध्या गाडीचे आयुष्य तिने कापलेल्या अंतरावर मोजता येते. स्पोर्ट गाडीचे आयुष्य ती कशी चालवली गेली यावर ठरते. आठ हजार किलोमीटर चाललेली, पण रोज थंड इंजिनावर पीळ दिलेली आणि एक चाक उचलून पळवलेली गाडी, तीस हजार किलोमीटर शहाणपणाने चाललेल्या गाडीपेक्षा वाईट असू शकते. म्हणून केवळ मीटरचा आकडा पाहून भाव ठरवणे चुकीचे आहे. डिजिटल मीटरचा आकडाही मागे नेता येतो, हे या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे.

कायद्यातला घोडा

जुन्या मालाच्या व्यवहारात आपला कायदा काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणे ही फसवणूक आहे. परंतु केवळ गप्प बसणे ही सहसा फसवणूक नाही. यासाठी कायद्यानेच घोड्याचे उदाहरण दिले आहे. घोड्यात दोष आहे हे मालकाला माहीत आहे, तो लिलावात घोडा विकतो आणि दोषाबद्दल काहीच बोलत नाही. कायद्याच्या दृष्टीने ही फसवणूक नाही. मात्र त्याच कलमाखाली पुढे असेही उदाहरण आहे की, घेणारा जर म्हणाला, तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरतो, आणि मालक गप्प बसला, तर ते गप्प बसणे बोलण्यासारखेच मानले जाते.

आजची मोटारसायकल म्हणजे तो घोडाच आहे. यातून घेणाऱ्याने एक धडा घ्यावा. सौद्याआधी दोन माणसांसमोर सरळ विचारावे: ही गाडी पडली आहे का? चेसिसला काम झाले आहे का? इंजिन उघडले आहे का? पुरात बुडाली होती का? तुम्ही नाही म्हटले नाही तर गाडी निर्दोष आहे असे आम्ही धरतो. हे प्रश्न मोबाईलवर लिहून पाठवले आणि उत्तर लेखी घेतले तर आणखी चांगले. त्याच कायद्याचे १९ वे कलम हेही सांगते की, साध्या दक्षतेने जे खरे कळून आले असते ते घेणाऱ्याने पाहिलेच नाही, तर समोरच्याच्या मौनाकडे बोट दाखवून सौदा मोडता येत नाही. म्हणजे डोळे मिटून घेणाऱ्याला कायदा फारसा वाचवत नाही.

इस्लामची भूमिका याहून कडक आहे. ऐब असलेली वस्तू तो ऐब न सांगता आपल्या भावाला विकणे मुसलमानाला हलाल नाही, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतले ओले धान्य त्यांनी बाहेर काढले आणि फसवणारा आपल्यातला नाही असे बजावले, ही घटना तर प्रसिद्धच आहे. त्या व्यापाऱ्याने तोंडाने खोटे सांगितले नव्हते. फक्त कोरडे धान्य वर ठेवले होते. नवे किट चढवून आतली वाकलेली चेसिस झाकणे यापेक्षा वेगळे काय आहे? कायदा ज्याला मौन म्हणून सोडून देतो, त्याची आपल्याकडे शरीअत जबाब मागते. न सांगितलेला जुना ऐब निघाला तर माल परत करण्याचा घेणाऱ्याचा हक्क फिकहमध्ये ‘खियार-ए-ऐब’ या नावाने मान्य आहे. ‘गाडी जशी आहे तशी’ असे कागदावर लिहून घेतले म्हणून जाणूनबुजून लपवलेल्या ऐबाची जबाबदारी अल्लाहसमोर संपते असे कोणी समजू नये.

आधी कागद, मग गाडी

आता पाहून घेण्याची रीत. गाडीला हात लावण्यापूर्वी आर.सी. पाहावी. स्टिअरिंगजवळ चेसिसवर ठोकलेला नंबर आणि इंजिनवरचा नंबर आर.सी.शी अक्षर-अक्षर जुळला पाहिजे. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा रंगाने भरलेला दिसला तर भाव कितीही कमी असो, तेथून उठावे. चोरीची गाडी निघाली तर पोलीस ती घेऊन जातात, पैसे बुडतात आणि चौकशीचा ससेमिरा मागे लागतो.

सरकारच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर गाडीच्या नंबरावरून नोंदणी, विमा, पी.यू.सी. आणि बँकेचा बोजा यांची माहिती मिळते. थकलेली ई-चलानेही पाहता येतात. आर.सी.वर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असेल तर त्यांची एन.ओ.सी. आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. विम्याच्या पॉलिसीतली ‘नो क्लेम बोनस’ची टक्केवारीही बोलकी असते. क्लेम न घेतल्यास ही सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन पुढे ५० टक्क्यांपर्यंत वाढते. एकाच मालकाकडे पाच वर्षे असलेल्या आणि विमा न तुटलेल्या गाडीला ही सवलत शून्य असेल, तर क्लेम कशासाठी घेतला होता हे विचारण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे.

थंड इंजिन, उघडे किट

गाडी पाहायला दिवसाउजेडी जावे. विक्रेत्याला आधीच सांगावे की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्यावर प्रथम इंजिनला हात लावून पाहावा. गरम लागले तर समजावे की सकाळची दुखणी आधीच झाकली गेली आहेत. चहा घेऊन थांबावे किंवा दुसऱ्या दिवशी यावे. थंड इंजिन सुरू होताना टायमिंग चेनचा खडखडाट येतो का ते ऐकावे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळत आहे, म्हणजे रिंग-पिस्टन किंवा व्हॉल्व्ह सीलचे काम आले. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ येणे स्वाभाविक आहे. पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि ऑइलचा रंग दुधाळ चहासारखा झाला असेल, तर कूलंट इंजिनात उतरत असण्याची दाट शक्यता आहे. रेडिएटरच्या गाडीत हे काम मोठ्या खर्चाचे असते.

पडल्याच्या खुणा किटवर शोधू नयेत, किट बदललेले असते. फूटरेस्टची टोके, ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरची टोके, हँडलच्या कडा, सायलेन्सरची बाहेरची बाजू आणि इंजिनची कव्हरे पाहावीत. एकाच बाजूला या सर्व ठिकाणी घासल्याच्या खुणा असतील तर गाडी त्या बाजूला लोळलेली आहे. उभी असताना कलंडलेली गाडी आणि धावताना घसरलेली गाडी यांत फरक असतो: पहिलीत एखादा ओरखडा असतो, दुसरीत धातू लांबपर्यंत खरवडलेला असतो. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ते जिथे अडते तो चेसिसवरचा टेकू पाहावा. तो चेपलेला, तुटलेला किंवा नव्याने वेल्डिंग केलेला असेल तर पुढच्या चाकाने मोठा मार खाल्ला आहे. डोक्याजवळच्या वेल्डिंगवर नवा रंग, सुरकुत्या किंवा भेग दिसली तर पुढे पाहूच नये. चेसिस सरळ करून देणारे कारागीर आहेत, पण अशा चेसिसवर वेगाने वळण घेणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळी ताणून धरली की दोन्ही चाके एका रेषेत आहेत की नाहीत ते कळते. टायरची रुंदी वेगळी असते म्हणून पुढच्या चाकापाशी राहणारे अंतर दोन्ही बाजूंना सारखे आहे ना, एवढेच पाहायचे. चाक उचलून फिरवावे, रिम डोलते का ते दिसते. पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल हळू वळवावे. मधोमध खाच लागल्यासारखे अडकले तर कोनसेट गेला. पुढचे शॉकअप दाबून सोडावेत आणि दांड्यावर बोट फिरवावे. ऑइल लागले तर सील गेले, गंजाचे खड्डे लागले तर नवे सीलही टिकणार नाही.

टायरच्या बाजूवर चार आकडी नोंद असते. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी शिल्लक दिसली तरी कडक झालेला, भेगाळलेला टायर पावसात दगा देतो. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटाने मागे ओढून पाहावी. दात अर्धे उघडे पडले किंवा वाकडे झाले असतील तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण संच बदलावा लागेल. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते, ती मोजून घ्यावी. ज्या गाडीला ए.बी.एस. आहे तिचा दिवा चावी फिरवताच लागला पाहिजे आणि गाडी चालू लागल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर तोही ऐबच समजावा, कारण बिघाड झाकण्यासाठी दिवा बंद केला जातो. १२५ सी.सी.च्या वरच्या गाड्यांना ए.बी.एस. नव्या मॉडेलसाठी एप्रिल २०१८ पासून आणि सर्वच नव्या गाड्यांसाठी एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. बजेटमध्ये बसत असेल तर त्यानंतरची गाडी घ्यावी असे आम्ही सुचवतो.

पुराचाही विचार करावा. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ साली चिपळूणमध्ये असंख्य वाहने पाण्यात गेली. अशी गाडी धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाऊ शकते. सीट काढून खालच्या कोपऱ्यांत, वायरींच्या जोडांत आणि हेडलाइटच्या आत मातीचा पातळ थर दिसतो का ते पाहावे. बाहेरून चकचकीत आणि किटच्या आतले सगळे बोल्ट गंजलेले, असा प्रकार असेल तर सावध व्हावे.

मग हेल्मेट घालून, विमा चालू असल्याची खात्री करून गाडी चालवून पाहावी. वरच्या गिअरमध्ये पीळ दिल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट गेल्या. गिअर सुटून न्यूट्रल होत असेल तर गिअरबॉक्सचे काम आहे. गाडी सतत एका बाजूला ओढत असेल तर चाकापासून चेसिसपर्यंत काहीही असू शकते. ज्या विक्रेत्याला चालवून दाखवायला आणि आपल्या मिस्त्रीला दाखवायला हरकत असते, त्याच्याशी सौदा करू नये.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवलेली गाडी असेल तर मूळ सायलेन्सर मागून घ्यावा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीत मनमानी बदल करण्यास मनाई आहे. दंड भरेल तो नवा मालक, आणि मोहल्ल्यातील आजारी माणसांची व लहान मुलांची झोप मोडल्याचा ठपकाही त्याच्यावरच येईल.

भावाचा हिशेब

भाव बोलताना मन गाडीवर आणि बोट कागदावर असावे. समजा, विक्रेता ९५ हजार मागतो. दोन टायर, चेन-स्प्रॉकेट, शॉकअपचे सील, डिस्क पॅड, बॅटरी, विमा आणि नाव चढवण्याचा खर्च मिळून २० हजार होत असतील, तर ती गाडी ९५ हजारांची नसून १ लाख १५ हजारांची आहे. हा हिशेब विक्रेत्यासमोर मांडावा. प्रामाणिक विक्रेत्याला त्याचा राग येत नाही. एक हजार रुपये घेऊन तासभर गाडी तपासणारा चांगला मिस्त्री हा खर्च नव्हे, बचत आहे. मात्र तो मिस्त्री विक्रेत्याच्या ओळखीचा नसावा.

पैसे देताच काम संपत नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन गाडी ताबडतोब नावावर करावी. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. ‘सह्या केलेले फॉर्म आहेत, नंतर बघू’ ही सवय विकणाऱ्याला तर फारच महागात पडू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले की, गाडी हातोहात कितीही जणांना विकली गेली असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो.

आपल्या धंदेवाईक बांधवांना

गॅरेज, डेंट-पेंट, स्पेअर पार्ट आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री या व्यवसायांत आपल्या समाजाचे हात मोठ्या संख्येने आहेत. कौशल्य आहे, मेहनत आहे. मात्र या धंद्याची पत तितकी नाही, आणि त्याचे कारण आपण दुसरीकडे शोधू नये. ज्याने स्वतःच्या हाताने चेसिस सरळ केली त्याला तो ऐब माहीत नाही असे कसे म्हणता येईल? गाडी लवकर खपावी म्हणून खोटा गिऱ्हाईक उभा करून भाव चढवण्याचा प्रकारही होतो. यालाच ‘नज्श’ म्हणतात आणि हदीसमध्ये त्याला मनाई आहे. दोन्ही बाजूंनी गुपचूप दलाली घेणे हेही अमानतीला धरून नाही.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक जुन्या गाडीसोबत एका पानाचा कागद द्यावा. त्यावर गाडी पडली की नाही, काय बदलले, काय दुरुस्त केले, काय अजून करायचे आहे हे लिहावे आणि खाली सही करावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश पवित्र कुरआनने दिला आहे. मग एवढ्या मोठ्या रोखीच्या सौद्यात एक पान लिहायला हरकत का असावी? सरकारनेही या धंद्याला शिस्त लावली आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या वाहनांच्या विक्रेत्याने नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकृत विक्रेता म्हणून परवानगी घ्यायची आहे आणि ताब्यात आलेल्या वाहनाची जबाबदारी स्वीकारायची आहे. ही परवानगी घेण्यात आपले लोक मागे राहिले तर उद्या सगळे गिऱ्हाईक मोठ्या कंपन्यांच्या दुकानांकडे जाईल.

काही बांधव म्हणतील, ऐब सांगितला तर गाडी विकली जाणार नाही. विकली जाईल, थोड्या कमी भावाने. तो कमी झालेला पैसा मुळात विक्रेत्याचा नव्हताच. खरेदी-विक्री करणाऱ्या दोघांनी खरे सांगितले आणि उघड केले तर त्या सौद्यात बरकत येते, लपवले तर बरकत उठून जाते, ही प्रेषित (स.) यांची शिकवण आहे. दुनियेच्या हिशेबानेही पाहिले तर, एका गिऱ्हाइकाला खरे सांगणारा दुकानदार त्याच्या भावाला, मेहुण्याला आणि शेजाऱ्यालाही गाडी विकतो. फसलेला गिऱ्हाईक मात्र गल्लीभर सांगत फिरतो.

घेणाऱ्या तरुणांनी घाई सोडावी. बाजारात गाड्यांची कमतरता नाही. आज एक हातची गेली तर महिन्याभरात दुसरी मिळते. विकणाऱ्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की आपण जी चावी दुसऱ्याच्या हातात देतो, त्या गाडीवर उद्या कोणाचा तरी मुलगा बसणार आहे.